घंटेनंतरचा तास

२०२५ च्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल नसेल, धाकट्या बहिणीचा कराडहून फोन आला. ती सहसा रात्रीची जेवणे आटोपल्यावर फोन करते आणि आईच्या गुडघेदुखीपासून सुरुवात करते. त्या दिवशी मात्र तिने थेट मुद्द्यालाच हात घातला. ‘‘दादा, मोडीचे मार्क धरतात का रे दहावीला?’’

प्रश्नाचा उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. भाची तेव्हा नुकतीच नववीत गेली होती. आठवीत तिने चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती आणि श्रेणीही चांगली मिळवली होती. आता ओघानेच इंटरमिजिएट. तिचा वर्ग शाळेतच, पण शाळा सुटल्यावर. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, हे एव्हाना घरोघरी ठाऊक झाले आहे. भाचीच्या डोक्यात मात्र वेगळेच होते. गल्लीच्या टोकाला राहणारे एक निवृत्त शिक्षक आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलांना मोडी लिपी शिकवतात. तिथे फी नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्रही नाही. तिला तिथे जायचे होते. शाळा, दोन विषयांची शिकवणी आणि त्यावर इंटरमिजिएट व मोडी ही दोन्ही ओझी, हे गणित कोणत्याही दिवसात बसणारे नव्हते. तेव्हा एक सोडणे भाग होते, आणि काय सोडायचे याचा निकाल बहिणीच्या मनात केव्हाच लागला होता. मामा मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे निकालपत्रावर त्याची सही हवी होती, एवढेच.

खरे तर माझे उत्तर तयार असायला हवे होते. साहित्याच्या शिक्षकाला कोणी मोडी की गुण असे विचारले, तर त्याने एका वाक्यात मोडीच्या बाजूने उभे राहावे, अशी साऱ्यांचीच अपेक्षा असते. तसे वाक्य ओठांवर आलेही होते. पण ते बाहेर पडले नाही. ‘विचार करून सांगतो’ असे म्हणून मी फोन ठेवला. तो विचार पुढे बरेच दिवस चालला. त्याचाच हा हिशेब आहे.

माझ्या पिढीच्या वाचकांना ‘बाहेरच्या परीक्षा’ हा शब्दप्रयोग समजावून सांगायला नको. सातारा जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी माझे माध्यमिक शिक्षण झाले, तिथे १९८०च्या दशकात शाळेच्या वेळापत्रकाला समांतर असे आणखी एक वेळापत्रक चालत असे. ते कुठे छापलेले नसे, पण सर्वांना पाठ असे. चौथीला आणि सातवीला शिष्यवृत्तीचे जादा तास. पाचवीपासून राष्ट्रभाषेच्या हिंदी परीक्षा. सातवी-आठवीत एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट. कोणी संस्कृतच्या परीक्षा देई, कोणी पेटी-तबल्याच्या. दहावी झाली की टायपिंग. या परीक्षांची प्रमाणपत्रे काचेच्या चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावण्याची पद्धत होती. पाहुणे आले की आधी पाणी आणि मग प्रमाणपत्रे, असा तो क्रम असे.

या परीक्षांचा उगम गुणांच्या हव्यासात नव्हता, हे आज मुद्दाम सांगावे लागते. वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ ची आणि पुण्याची महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा १९३७ ची. देश एका भाषेने जोडला जावा, या स्वातंत्र्य चळवळीतल्या ध्यासातून त्या उभ्या राहिल्या. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते गाणे घरंदाज मुलामुलींपर्यंत पोहोचावे आणि गवयाला समाजात मान मिळावा म्हणून. १९३१ साली ते गेल्यावर त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंतच्या परीक्षांची शिडी गावोगाव पोहोचली. ज्या गोष्टींना सरकारी शाळेच्या वेळापत्रकात जागा नव्हती किंवा पुरेशी जागा नव्हती, त्यांच्यासाठी लोकांनी वेळापत्रकाबाहेर मांडलेले हे संसार होते. पुढे चळवळ ओसरली, परीक्षा तेवढी उरली. आमच्यापर्यंत पोहोचली ती ही परीक्षाच.

तरीही तिच्याबरोबर काहीतरी आले होते. आमचे हिंदीचे सर शाळा सुटल्यावर वाचनालयाच्या व्हरांड्यात आम्हां आठ-दहा मुलांना घेऊन बसत. दिवसभर हेच सर वर्गात फळ्यापाशी उभे राहून शब्दार्थ उतरवून देत. व्हरांड्यात मात्र ते खाली सतरंजीवर मांडी घालून बसत आणि हातातले नेमलेले पुस्तक बहुधा मिटलेलेच राही. प्रेमचंदांची ‘कफन’ ही कथा त्या परीक्षेला नव्हती. ती त्यांनी आम्हांला एका पावसाळी संध्याकाळी, दिवे गेलेले असताना, सगळी तोंडी सांगितली. घीसू आणि माधव भाजलेले बटाटे खात बसले आहेत आणि आत बाई वेदनांनी तळमळते आहे, हे चित्र मी त्या अंधारात जे पाहिले ते आजही तसेच आहे. मी पुढे साहित्याकडे वळलो त्याची कारणे शोधू लागलो की मला तो व्हरांडा आठवतो, वर्ग आठवत नाही. माणूस तोच, विद्यार्थी तेच, भाषाही तीच. फरक इतकाच होता की तिथे हजेरीपट नव्हता आणि कुठवर पोहोचायचे हे कोणी ठरवून दिलेले नव्हते.

एवढ्यावर थांबता आले असते तर भाचीच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. पण त्याच शाळेतली आणखी एक आठवण या आठवणीच्या शेजारी येऊन बसते.

आठवीत माझ्या बाकावर बसणारा मुलगा गावापासून नऊ-दहा किलोमीटरवरच्या एका वाडीतून येई. त्याचा हात विलक्षण होता. वहीच्या मागच्या पानावर तो बैल काढी. उभे, बसलेले, पाणी पिणारे, शिंगे रंगवलेले. बैल बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, हे मला त्याच्या चित्रांतून कळले. चित्रकलेच्या सरांनी त्याला आणि मला एकाच दिवशी एलिमेंटरीला बसायला सांगितले. त्याला त्याच्या हातामुळे आणि मला, मला वाटते, माझे घर शाळेच्या मागेच होते म्हणून. वर्ग साडेपाचला शाळा सुटल्यावर सुरू होई आणि साडेसहाला संपे. त्याच्या वाडीकडे जाणारी एस.टी. पावणेसहाला सुटे. त्यानंतर थेट आठची मुक्कामाची गाडी.

पहिल्या आठवड्यात तो दोनदा थांबला. एकदा मुक्कामाच्या गाडीने गेला, आणि एकदा ती गाडी आलीच नाही म्हणून पावसात चालत गेला. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. भांडायला नव्हे. हातातली टोपी चुरगाळत ते सरांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, त्याला उशीर झाला की धारंचा खोळंबा होतो.’’ सरांनी मान हलवली. दुसरे ते काय करणार होते? ते बिचारे स्वतःच्या संध्याकाळी खर्चून, एक पैसा न घेता तो वर्ग चालवत होते. त्या घटनेत वाईट असे कोणीच नव्हते. मित्राने वर्ग सोडला. मी थांबलो. वस्तुचित्रातला माझा तांब्या शेवटपर्यंत एका बाजूला कलंडलेलाच राहिला, पण परीक्षा दिली आणि ‘क’ श्रेणीत उत्तीर्ण झालो. ते प्रमाणपत्र आमच्या बाहेरच्या खोलीत पुष्कळ वर्षे होते.

मित्र दहावीनंतर एका पेंटरच्या हाताखाली गेला. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरे, निवडणुकीतल्या भिंती. त्याची अक्षरे बाजारपेठेत ओळखू येत. पुढे फ्लेक्सचे फलक आले आणि ब्रशाने अक्षरे काढणाऱ्यांचे काम बघता बघता गेले, त्याचेही गेले. आता तो शेती पाहतो. मध्यंतरी एका लग्नात भेटला. बोलता बोलता मी ओशाळून त्या प्रमाणपत्राचा विषय काढला. तो हसून म्हणाला, ‘‘त्यात अक्षरलेखनाचा पेपर होता ना रे? तो तरी मला द्यायचा होतास.’’ त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मीच त्या रात्री नीट झोपलो नाही.

‘जादा विषय घ्यावा की नाही’ हा प्रश्न आपण नेहमी विद्यार्थ्याची आवड आणि कुवत या दोन गोष्टींवर सोडवू पाहतो. माझ्या मित्रापाशी दोन्ही होते. त्याच्यापाशी नव्हता तो साडेपाच ते साडेसहा हा तास. वेळापत्रकाबद्दल आपण कितीही नाके मुरडली, तरी त्यात एक न्याय आहे. सकाळी साडेदहाची घंटा झाल्यापासून सायंकाळच्या घंटेपर्यंत वाडीवरचा मुलगा आणि शाळेमागे राहणारा मुलगा यांच्यापाशी सारखाच वेळ असतो. शेवटच्या घंटेनंतर दोघे पुन्हा आपापल्या घरचे होतात. एकाला धारा काढायच्या असतात, एकीला धाकट्या भावंडांना सांभाळायचे असते, एकीला अंधार पडायच्या आत घरात असायचे असते. वेळापत्रकाबाहेर जे काही शिकवले जाते, ते या उरलेल्या वेळेच्या श्रीमंतीवर शिकवले जाते.

हे मला मित्रामुळे ठाऊक होते, असे मी आता लिहितो आहे. पण ठाऊक असणे आणि लक्षात असणे यांत अंतर पडते, याचा अनुभव मला नोकरीत आला. काही वर्षांपूर्वी मी आमच्या महाविद्यालयात ‘लीळाचरित्रा’चे सलग वाचन सुरू केले. अभ्यासक्रमात त्यातले मोजके उतारे असत आणि मुलांना चक्रधर म्हणजे परीक्षेत संदर्भासह स्पष्टीकरणाला येणारे कोणी गृहस्थ वाटत. म्हणून सकाळी आठला, तास सुरू होण्यापूर्वी, ज्याला यायचे त्याने यावे असे ठरवले. आरंभी बावीस जण होते, महिन्याभरात सात उरले. विद्यार्थ्यांच्या अनास्थेवर मी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात एक चांगला दीड पानी विलाप लिहिला. तो छापून आल्यावर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी येऊन म्हणाली, ‘‘सर, मला यायचं होतं. पण आमच्याकडची पहिली गाडीच सव्वाआठला पोचते.’’ तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, त्यामुळे ते अधिक लागले. वीस वर्षांनी मी आमच्या चित्रकलेच्या सरांच्या जागी उभा होतो, आणि वर अंकात लेख लिहिण्याइतका निर्ढावलोही होतो. पुढल्या आठवड्यापासून वाचन दुपारी साडेबाराला, दोन तासांच्या मधल्या मोकळ्या वेळेत हलवले. संख्या एकोणीसवर गेली. ‘अनास्था’ बव्हंशी गाडीच्या वेळेची होती.

मग सरळ उपाय असा दिसतो की जे जे चांगले आहे ते सारे वेळापत्रकाच्या आत आणावे. आजचे धोरणही याच दिशेने बोलते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमातले आणि अभ्यासक्रमाबाहेरचे अशी कडेकोट विभागणी नको, असे म्हटले आहे. ऐकायला हे सुखद आहे. पण आत आणलेल्या गोष्टीचे पुढे काय होते, हेही आपण पाहिले आहे. बहिणीचा फोन आला त्याच महिन्यात महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या हिंदीवरून वादळ उठले होते. १६ एप्रिल आणि १७ जून रोजी काढलेले दोन्ही शासन निर्णय २९ जूनला मागे घेण्यात आले. त्या निर्णयांना माझाही विरोध होता. आणि तरी त्या दिवसांत मला सारखा वाचनालयाचा व्हरांडा आठवत होता. जी भाषा मी शाळा सुटल्यावर आपणहून, आनंदाने शिकलो, तीच सहा वर्षांच्या मुलाच्या वेळापत्रकात शिरताच मला जाच वाटू लागली. यात विसंगती आहे का? मला वाटते, नाही. शिकण्यातली स्वेच्छा काढून घेतली की विषयाचे नाव तेच राहते आणि विषय बदलतो. उद्या मोडीला दहावीत वीस गुण ठेवले, तर परवा मोडीचे गाइड निघेल, तेरवा ‘मोडीचे अपेक्षित प्रश्नसंच’, आणि त्या निवृत्त गुरुजींच्या ओसरीवर कोणी फिरकणार नाही.

पेच असा आहे. बाहेर आहे ते मोकळे आहे, पण सर्वांचे नाही. आत आणावे तर ते सर्वांचे होते आणि त्यातला मोकळेपणा जातो. मराठीतले आमचे बहुतेक शिक्षणविषयक लेखन यांतले एकच वाक्य म्हणते आणि दुसरे विसरते. मीही वर्षानुवर्षे तेच करत आलो.

अशा वेळी थोरांचे दाखले द्यायची आपली सवय असते. मोडीच्या बाजूने बोलायचे तर मला धर्मानंद कोसंबी आठवतात. गोव्यातल्या साखवाळचा, शालेय शिक्षण जेमतेम झालेला हा माणूस १८९९ साली बुद्धाचा धर्म समजून घेण्यासाठी घर सोडतो. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश अशी पायपीट करून, कोणाच्याही वेळापत्रकात नसलेली पाली भाषा आत्मसात करतो, आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात व हार्वर्डमध्येही जाऊन पोहोचतो. वर्गात मी हे अनेकदा सांगितले आहे. पण या वेळी ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मकथन पुन्हा उघडले तेव्हा दोन गोष्टी नव्याने जाणवल्या. एक, पाली हा त्यांचा ‘जादा’ विषय कधीच नव्हता. शाळा, शिकवणी, इंटरमिजिएट आणि वर पाली असा तो प्रकार नव्हता. बाकी सारे टाकून देऊन केलेली ती एकच गोष्ट होती. त्यांचे उदाहरण देऊन आपण चौदा वर्षांच्या मुलीच्या भरलेल्या दिवसात आणखी एक तास कोंबतो, ही त्या उदाहरणाची चेष्टा आहे. दुसरी गोष्ट अशी, की ते घराबाहेर पडले तेव्हा मागे पत्नी होती आणि लहान मुलगी होती. एकाच्या शिकण्यासाठी लागणारा वेळ कोणीतरी दुसरे भरून काढत असते. आमच्या चित्रकलेच्या सरांच्या घरी त्यांच्या संध्याकाळी कोणी भरून काढल्या, हे आम्ही कधी विचारले नाही.

ओझ्याचा मुद्दा बहिणीने नंतरच्या फोनमध्ये काढलाच. ‘‘आधीच पोर दहाला पेंगायला लागते, आणखी एक काय घालायचं तिच्या डोक्यावर?’’ तिचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. आर. के. नारायण यांनी राज्यसभेत दप्तराच्या ओझ्याविषयी कळवळून भाषण केले, त्यातून पुढे हा विषय राष्ट्रीय चर्चेत आला आणि प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये आपला अहवाल दिला. त्या अहवालातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा दप्तराच्या वजनाचा नाही. न कळण्याचे ओझे हे दप्तराच्या ओझ्याहून अधिक घातक असते, असे ती समिती म्हणते. हा निकष लावून मी भाचीच्या दिवसाकडे पाहिले. जे विषय तिला शाळेत कळत नाहीत, त्यांचे ओझे आहे. पण जे विषय कळतात, त्यांचीही शिकवणी आहे, कारण वर्गातल्या सर्वांना आहे. हे दुसरे ओझे मोडीपेक्षा जड होते.

तेव्हा मी बहिणीला सांगितले, ‘‘मोडी की इंटरमिजिएट, असं विचारू नकोस. तिला एवढंच विचार, की नवीन काही घ्यायचं तर आहे त्यातलं काय सोडशील?’’ भाचीने उत्तर तयार ठेवले होते. ‘‘मामा, मी समाजशास्त्रांची शिकवणी सोडते. तिथे सर पुस्तकच वाचून दाखवतात. ते मी घरी वाचीन.’’ बहिणीला हे पटायला तीन दिवस आणि मेव्हण्यांची मध्यस्थी लागली. इंटरमिजिएटही गेली. तिचे मला अजून थोडे वाईट वाटते, कारण रेषेची समज हीदेखील साधी गोष्ट नव्हे. सगळेच धरून ठेवता येत नाही, हे मुलीला कळले आणि आम्हां मोठ्यांना कळायला वेळ लागला.

मोडीचे काय झाले, हे सांगितले पाहिजे. दिवाळीत भाची आजोळी आली तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतले एक जुने खरेदीखत तिने मागून घेतले. ते आमच्या घरात तीन पिढ्या होते आणि निदान दोन पिढ्यांना ते वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकवली जाणारी लिपी, आणि एका आयुष्यभराच्या अवधीत ती आपल्याला परकी झाली. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तालुक्या-तालुक्यातली जुनी दप्तरे उघडली, तेव्हा मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली होती. भाची ओसरीवर पालथी पडून बोटाने एकेक ओळ लावत होती. आधी आखून घेतलेली आडवी रेघ आणि तिला लोंबणारी, हात न उचलता लिहिलेली अक्षरे. मध्येच ती म्हणाली, ‘‘यांना ऱ्हस्व-दीर्घाची पर्वाच नाही रे मामा. आणि आमचे मार्क कापतात!’’ मी तिला ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांचा इतिहास सांगू लागलो, पण तिचे लक्ष नव्हते.

संध्याकाळपर्यंत तिने शेवटच्या ओळीपर्यंत मजल मारली. तिथे एका अंगठ्याचा फिकट ठसा होता आणि त्याच्या शेजारी कारकुनाने एक नाव लिहिले होते. ते माझ्या आजीचे होते. जमीन तिच्या नावावर होती हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. आई नुसती कागदाकडे पाहत राहिली. आजीला शाळा नव्हती. घंटेआधीचाही तास तिला मिळाला नाही आणि घंटेनंतरचाही नाही. तिचे नाव वाचायला चौथ्या पिढीतली मुलगी यावी लागली. त्यासाठी तिने इंटरमिजिएटचे गुण सोडले होते. बहीण त्या वेळी काही बोलली नाही. नंतर स्वयंपाकघरात मात्र ‘‘तरी चित्रकलेचे मार्क हातचे गेलेच’’ असे म्हणाली. तेही खरेच होते.

या साऱ्यातून माझ्यापुरता निघालेला निष्कर्ष मोठा नाही. विद्यार्थ्याने वेळापत्रकाबाहेरचे काहीतरी शिकावे असे मला वाटते, आणि ते गुणांशिवायचे असावे. ते घेताना काहीतरी सोडावे. सोडायचे काय हे त्याला ठरवू द्यावे. शाळेने असा प्रत्येक विषय वेळापत्रकात आणू नये, पण त्यासाठीचा वेळ मात्र वेळापत्रकात ठेवावा. आमच्या लहानपणी शिक्षक रजेवर असले की ‘ऑफ तास’ मिळे. आठवड्यातून असे दोन-तीन तास मुद्दाम, शेवटच्या घंटेच्या आत, मोकळे ठेवले आणि त्यांत चित्रे, मोडी, पेटी, ‘लीळाचरित्र’ ज्याला जे हवे ते ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून घेऊ दिले, तर निम्मा पेच सुटेल. त्या तासांना परीक्षा लावण्याचा मोह कोणी आवरला, तर कदाचित उरलेलाही. माझा मित्र अशा तासाला बसू शकला असता.

परवा भाचीचा फोन होता. गुरुजींकडे आता नऊ मुले येतात. त्यांतली एक मुलगी जवळच्या खेड्यातून येते आणि वर्ग संपायच्या आधी पंधरा मिनिटे उठून जाते, कारण तिची गाडी असते. उरलेल्या भागाचे फोटो भाची तिला पाठवते. मी विचारले, ‘‘गुरुजींना सांगितलंस का हे?’’ ती म्हणाली, ‘‘त्यात काय सांगायचं? ती रोजच जाते.’’

मी तिला म्हटले, उद्या गेलीस की गुरुजींना आधी हे सांग. पंधरा मिनिटे लवकर सुरू करता येते का ते विचार. आणि त्या मुलीला विचार, तिची गाडी नक्की किती वाजता सुटते.